कंदिलातली भूमिती

भूमितीच्या पुस्तकाला मुले जितकी भितात, तितकी बहुधा बीजगणितालाही भीत नाहीत. तिथे निदान आकडेमोड करता येते. इथे पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी चार नाकी ओलांडावी लागतात! मग बिचारी पोरे सिद्धता सरळ पाठ करतात, आणि परीक्षेत त्रिकोणाला अबकऐवजी दुसरी अक्षरे दिली की सारे पाठांतर कोलमडते. पोरे काही मंद नसतात. प्रमेय हातात घेऊन चाचपून पाहण्याची संधीच त्यांना मिळालेली नसते. ती संधी दिवाळीच्या सुटीत घरबसल्या मिळते. सामान एवढेच: बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि वाटीभर खळ.

आधी चार सारख्या कामट्या टोकांना दोऱ्याने बांधून चौरस करा. मुलाला म्हणावे, "जरा ढकल बघू!" चौरस लगेच कलंडेल. चारही बाजू होत्या तेवढ्याच आहेत, पण कोन बदलले. चौरसाचा नुसता समभुज चौकोन उरला. आता तीन कामट्यांचा त्रिकोण बांधा. कितीही रेटला तरी त्याचा आकार बदलत नाही. तीन बाजूंच्या लांबी ठरल्या की त्रिकोण एकच होतो, दुसरा होऊच शकत नाही. हीच ती एकरूपतेची 'बाबाबा' कसोटी. हे नाव ऐकून घरात हसू पिकते, पण याच कसोटीवर पुलांच्या आणि पत्र्याच्या छपरांच्या कैच्या उभ्या असतात.

आता कंदिलाकडे वळू. २४ सारख्या कामट्यांचा एक सुबक सांगाडा होतो. त्याला ६ चौरस आणि ८ त्रिकोण असतात. नुसत्या दोऱ्याने बांधला तर तो पिळवटून बसकण मारतो. दोष सगळा त्या चौरसांचा! प्रत्येक चौरसात एकेक आडवी कामटी, म्हणजेच कर्ण, बांधला की चौरसाचे दोन त्रिकोण होतात आणि कंदील ताठ उभा राहतो.

खरी गंमत पुढेच आहे. शेजाऱ्यांपेक्षा आपला कंदील दुप्पट उंच हवा, असा हट्ट बहुतेक घरांत होतो. वडील दुप्पट कामट्या आणतात, दुप्पट कागद आणतात. आणि वसुबारसेच्या रात्री कागद अर्ध्यातच संपतो! कामटी १५ सेंटिमीटरची असेल तर त्या कंदिलाला सुमारे २१३० चौरस सेंटिमीटर कागद लागतो. कामटी ३० सेंटिमीटरची केली की कागद लागतो सुमारे ८५२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौपट. कामट्यांची लांबी दुप्पट, कागद चौपट आणि कंदिलाच्या पोटातली जागा तर आठपट. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर संगत बाजूंच्या गुणोत्तराच्या वर्गाएवढे असते, हे दहावीचे प्रमेय म्हणजे दुसरे काही नाही. एकदा कागद कमी पडला की ते जन्मभर विसरायचे नाही.

समरूपतेत एक सावधगिरी मात्र हवी. त्रिकोणाचे दोन कोन जुळले की काम भागते. इतर बहुभुजाकृती इतक्या सरळ नाहीत. चौरस आणि आयत यांचे सगळे कोन सारखे. चौरस आणि समभुज चौकोन यांच्या बाजू प्रमाणात. तरी यांतली कुठलीच जोडी समरूप नाही. तिथे कोन आणि बाजू दोन्ही तपासावे लागतात.

दारातल्या रांगोळीचेही असेच आहे. एक पाकळी काढली, ती मध्याभोवती फिरवली की फूल झाले. मोर उलटवून समोर काढला की जोडी झाली. वेल पुढेपुढे सरकवली की किनार झाली. फिरवणे, उलटवणे, सरकवणे यांत लांबी आणि कोन दोन्ही कायम राहतात, म्हणून आकृती एकरूप. फोटो मोठा करताना लांबी बदलते, कोन तेवढे टिकतात, म्हणून समरूप. आकृतीत असे फेरफार केले तरी काय टिकते याचा शोध म्हणजे भूमिती, हा विचार फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने १८७२ साली एर्लांगेन येथे मांडला. तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता.

तेव्हा आईबाबांनो, यंदा मुलांना "प्रमेय म्हणून दाखव" असे सांगू नका. कंदील बांधताना, रांगोळी काढताना एवढेच विचारा, "यात काय बदलले आणि काय तसेच राहिले?" उत्तर अडखळत येईल, कधी चुकेलही. चुकू द्या. मात्र मुलांच्या हातातली कामटी काढून घेऊन कंदील स्वतःच पुरा करू नका. सुटी संपून पुस्तक पुन्हा उघडेल, तेव्हा पानावरचा त्रिकोण त्यांना ओळखीचा वाटेल, आणि ओळखीच्या माणसाची भीती कोणाला वाटते?