‘दशावतार’ अल्बम: नवव्या गाण्यावर वेगळं मत का असू शकतं?

विष्णूच्या अवतारकथा आणि गुरगुरणारा आवाज, हे जमतं का? मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ बँडचा ‘दशावतार’ (२०१७) ऐकताना पुण्यातल्या श्रोत्यालाही पहिला प्रश्न हाच पडेल.

अल्बममध्ये काय आहे?

साहिल मखीजाने २००० साली हा बँड सुरू केला. संगीत डेथ मेटलचं: घशातून काढलेला आवाज, सुसाट ड्रम्स, पण सोबत लक्षात राहणाऱ्या चाली. गाणी दहा, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचं एक.

नरसिंहाला हा आवाज शोभतो, कृष्णाला नाही, असं कुणी म्हणेल. ही झाली आवडनिवड.

मग नवव्या गाण्याचं काय?

ते बुद्धावर आहे. महाराष्ट्रात हा फक्त आवडीचा प्रश्न राहत नाही. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षेवेळी २२ प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, ही त्यातलीच एक. त्याआधी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, पुण्याजवळच्या देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली होती.

शिवाय यादीही एकच नाही. महाराष्ट्रातल्या काही जुन्या दशावतार चित्रांत नवव्या जागी विठ्ठल दिसतो.

त्यामुळे चाली आवडूनही कुणी नववं गाणं नाकारलं, तर ‘तुला मेटल कळत नाही’ हे उत्तर होत नाही. त्याचा आक्षेप गिटारवर नाही, यादीवर आहे.