आकाशांतून पाण्याची परीक्षा

उपग्रहांवरून पाणी, हवा व माती यांची परीक्षा होते, हें वाचकांच्या कानीं आलेंच असेल. तिची रीत नैयायिकांचीच आहे. ते धूमावरून अग्नि ओळखतात. येथें परतलेल्या प्रकाशावरून द्रव्य ओळखावयाचें. गढूळ पाणी तांबडा प्रकाश अधिक परतवितें. सन २०२० च्या टाळेबंदींत लँडसॅट-८ या उपग्रहानें टिपलेलीं केरळांतील वेंबनाड सरोवराचीं चित्रें संशोधकांनीं तपासलीं, तेव्हां पाण्यांत तरंगणारा गाळ पूर्वीच्या मानानें सरासरी १५.९ टक्के घटलेला आढळला.

एवढ्यावरून तें पाणी पेय झालें, असें मात्र कोणीं समजूं नये. तापलेल्या लोखंडी गोळ्यास धूर नसतो, पण त्यांत अग्नि असतोच. तद्वत् निवळ पाण्यांत विरघळलेलें आर्सेनिक किंवा पटकीचे जंतु उपग्रहास दिसत नाहींत. हवेंतील नायट्रोजन डायऑक्साइड तो मोजतो, पण भूमीपासून वरपर्यंतचा एकत्र. आपल्या नाकाशीं किती, हें त्यावरून थेट कळत नाहीं. पिकानें झाकलेली मातीही आपलें अंतरंग त्यास दाखवीत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, कोठें तपासावें हें उपग्रहास विचारावें आणि प्यावें कीं नाहीं हें प्रयोगशाळेस. विहिरीचें पाणी निवळ दिसतें, एवढ्याच भरंवशावर मुलांच्या हातीं पेला देऊं नये.