मोबाइल, हेडसेट आणि कानांच्या तक्रारींबाबत निवेदन

पुणे, दि. 3 मार्च 2025

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग,
मंत्रालय, मुंबई 400032

विषय : मोबाइलच्या रेडिएशनबाबत मराठीतून स्पष्ट माहिती देणे आणि दिवसभर फोनवर काम करणाऱ्यांची श्रवण व तोलाची तपासणी सुरू करणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील कॉल सेंटरांत काम करतो. आज जागतिक श्रवण दिन आहे, म्हणून हे निवेदन आजच देत आहोत.

पाळी संपली की कान गरम लागतो, रात्री कानात शिट्टी वाजत राहते, खुर्चीवरून उठताना गरगरते. या तक्रारी आमच्यात नित्याच्या झाल्या आहेत. दवाखान्यात गेलो की "मोबाइल कमी वापरा" किंवा "मनावर घेऊ नका" असे सांगून बोळवण होते. मोबाइल कमी वापरा म्हणजे नोकरी सोडा!

रेडिएशनची शंका लोकांना का येते, हे समजण्यासारखे आहे. फोन जिथे टेकतो तिथून थोडेच आत ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. दोन्हींचे संदेश आठव्या मज्जातंतूतूनच मेंदूकडे जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या रेडिओलहरींना 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' अशा 2 बी गटात घातले, आणि लोकांच्या भीतीला आधार मिळाला. चंदिगडच्या पीजीआयमधील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दीर्घकाळ मोबाइल वापरणाऱ्यांची उच्च वारंवारतेची श्रवणक्षमता घटलेली आढळली. उलट युरोपीय संघाच्या 'गार्ड' प्रकल्पात जीएसएम फोनच्या लहरी थोडा वेळ देऊन तपासले, तेव्हा ऐकण्यात फरक दिसला नाही. शिवाय फोन कानाला लावणारा लहरींबरोबर आवाजही घेत असतो; दोन्हींचा हिशेब वेगळा करणे सोपे नाही. रेडिएशनने बहिरेपण येते असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही, आणि आम्हीही तसे म्हणत नाही.

आवाजाचे मात्र तसे नाही. शेजारचा सहकारी मोठ्याने बोलू लागला की आपण व्हॉल्यूम वाढवतो, मग तोही वाढवतो. मध्येच लाइनवर कर्कश टोन आला की हेडसेट कानावरून ओढून काढेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. अशा अचानक धक्क्यानंतर कानदुखी, शिट्टी आणि चक्कर येऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. आवाजाने होणारी हानी श्रवणचाचणीच्या आलेखावर बहुधा आधी 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते. मग 'स', 'श' निसटू लागतात. ग्राहक "साठ" म्हणतो आणि आम्हाला "आठ" ऐकू येते. चूक पगारातून वळती होते, कान कुणी तपासत नाही.

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या 2018 च्या मानकात ध्वनिउपकरणांसाठी प्रौढांची मर्यादा आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास अशी आहे. नऊ तासांच्या पाळीत आमचे चाळीस तास शुक्रवारीच भरतात, शनिवार बाकी असतो. कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारे बहिरेपण कळवण्याजोगा आजार होते. कॉल सेंटर कारखाना नसल्याने आम्ही त्याबाहेर राहिलो.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, आपल्या विभागाने कामगार विभागासोबत आदेश काढून हेडसेटवर काम करणाऱ्या प्रत्येकाची नोकरीत रुजू होताना आणि पुढे दरवर्षी श्रवणचाचणी सक्तीची करावी. तीत 4000 हर्ट्झची नोंद असावी आणि आलेखाची प्रत कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी. ती कंपनीच्या फाइलीत राहून आम्हाला उपयोग नाही. चक्कर येणाऱ्यांना तज्ज्ञांकडे पाठवावे, कारण अनेकदा तिचे कारण फोन नसून आतल्या कानातील सरकलेले सूक्ष्म खडे असतात आणि ती साध्या हालचालींनी बरी होते. आवाज मर्यादित ठेवणारे हेडसेट आणि प्रत्येकाला स्वतंत्र इअर-कुशन द्यावे. एकाच्या कानावरचा घामेजलेला स्पंज पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या कानावर जातो, हे थांबलेच पाहिजे.

जिल्हा रुग्णालयांच्या कान विभागातील केसपेपरवर दोन प्रश्न घालावेत : रोज किती तास फोन, आणि कोणत्या कानाला. राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम 2006-07 पासून चालू आहे. त्यात ही भर घालायला फारसा खर्च नाही. रेडिएशनचा वाद मिटवायचा तर अशाच नोंदींतून मिटेल. 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आठवी ते दहावीच्या मुलांसाठीही श्रवणचाचणी घ्यावी.

फोनची एसएआर (शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओऊर्जेचे प्रमाण) मर्यादा 1 सप्टेंबर 2012 पासून प्रति किलो 1.6 वॅट आहे आणि *#07# दाबल्यावर आकडा दिसतो, हे किती ग्राहकांना माहीत आहे? तो खोक्याच्या दर्शनी बाजूला, मराठीतून छापावा, अशी शिफारस आपण केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे करावी. टॉवर हटवा, अशी आमची मागणी नाही. कारण रेंज कमी असली की फोन स्वतःची शक्ती वाढवतो आणि कानाजवळचे रेडिएशन वाढते. हेही सरकारनेच जनतेला सांगायला हवे.

या मागण्यांवर आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ मिळावी आणि 30 दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
निवेदनावर सह्या करणारे कर्मचारी

प्रत माहितीस्तव व कार्यवाहीसाठी :
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, पुणे