पैसे भरले, गाडी कुठे अडली?



रविवारी विहारात वंदना आटोपली की ओट्यावर ज्या गप्पा रंगतात, त्यांत पूर्वी बदली, बढती आणि मुलांचे प्रवेश हे ठरलेले विषय असत. आता त्यांत विजेवरच्या गाडीची भर पडली आहे. बँकेत, रेल्वेत, एल.आय.सी.त, शाळेत नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांनी हप्त्यावर का होईना, चारचाकी घेण्याची हिंमत करावी ही आनंदाचीच गोष्ट आहे. पेट्रोल परवडत नाही. विजेच्या गाडीवर जी.एस.टी. पाच टक्केच आहे. त्यातच २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर अशा गाड्यांना टोलमाफी सुरू झाली. हा सगळा हिशेब करून माणूस शोरूमची पायरी चढतो, पैसे भरतो आणि मग थांबतो. दोन महिने, चार महिने, कधी त्याहूनही अधिक.

"पावती हातात आहे, मग गाडी का नाही?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. काही जण तर उघडच म्हणतात, आडनाव बघून मागे ढकलले असेल! अशी शंका आपल्या लोकांच्या मनात उगाच येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तिच्यामागे उभा आहे. परंतु या रांगेत आडनावापेक्षा खिसा बघितला जातो, असे माझे मत झाले आहे. कसे ते सांगतो.

महिंद्र कंपनीच्या बी.ई. ६ आणि एक्स.ई.व्ही. ९ई या दोन गाड्या घ्या. पुण्याजवळ चाकणला तयार होतात, म्हणजे आपल्या घरातलेच उदाहरण. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदणी खुली झाली आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्यांची नोंदणी झाली. कंपनीने सुरुवातीला दोन्ही मिळून महिन्याला पाच हजारांच्या आसपास गाड्या विकण्याचे ठरवले होते. आता तीस हजारांना पाच हजारांनी भागा. उत्तर सहा येते. म्हणजे दुसऱ्या दिवशी एकही ग्राहक आला नाही असे धरले, तरी पहिल्या दिवसाच्या रांगेतील शेवटच्या माणसाला सहा महिने थांबणे आले. यात कोणाची लबाडी नाही. साधा भागाकार आहे.

पण ही रांग एस.टी.च्या रांगेसारखी सरळ नसते. या गाड्या किमतीप्रमाणे वेगवेगळ्या प्रकारांत निघाल्या. बी.ई. ६ चा सर्वांत स्वस्त प्रकार १८ लाख ९० हजारांचा, तर सर्वांत महाग २६ लाख ९० हजारांचा. महागड्या प्रकाराच्या गाड्या मार्च २०२५ पासून मिळतील, त्याखालचा प्रकार जूनमध्ये, त्याहून स्वस्त जुलैमध्ये आणि सर्वांत स्वस्त ऑगस्टमध्ये, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते. पहिल्या दिवशीच्या नोंदणीतही जवळजवळ तीन चतुर्थांश मागणी महागड्या प्रकाराचीच होती. व्यापाराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. बॅटरी मोजक्याच मिळणार असतील, तर जिथे नफा जास्त तिथेच कारखानदार ती आधी बसवणार. परंतु ज्याने पै-पै जमवून सर्वांत स्वस्त गाडी निवडली, त्याचा नंबर पाच महिने मागे गेला, हेही तितकेच खरे. शोरूममधला विक्रेता आपल्याला रंग दाखवतो, आसने दाखवतो. ही गोष्ट मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही.

मग कारखान्याने गाड्या जास्त का काढू नयेत? लोखंड आहे, कामगार आहेत, मागणीही आहे. अडते ते तीन वस्तूंपाशी.

पहिली वस्तू बॅटरीतला सेल. आपल्याकडे बॅटरीचा खोका जोडला जातो, पण आतला सेल बहुतांशी चीन आणि कोरियातून येतो. सेल देशातच बनावेत म्हणून केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. काम मात्र ठरल्यापेक्षा फार मागे राहिले. दुसरी वस्तू चिप. विजेच्या गाडीला चिपा अधिक लागतात आणि २०२१-२२ मध्ये चिपांच्या टंचाईने जगभरातील मोटार कारखाने रखडले होते. तो प्रसंग ओसरला. तिसऱ्या वस्तूने, म्हणजे चुंबकाने, २०२५ साली जो घोळ घातला, तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

बहुतेक विजेच्या गाड्यांच्या मोटारीत एक जबरदस्त चुंबक असते. ते नीओडिमियम नावाच्या धातूपासून बनते आणि मोटार तापली तरी त्याची ओढ कमी होऊ नये म्हणून त्यात चिमूटभर डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. चिमूटभरच, आमटीतल्या हिंगाइतके. या धातूंना दुर्मिळ मृदा म्हणतात. खरे तर ते जमिनीत फारसे दुर्मिळ नाहीत. ते वेगळे करून शुद्ध करणे हे किचकट, खर्चाचे आणि घाण मागे ठेवणारे काम आहे. इतरांनी ते अंगाबाहेर टाकले, चीनने ते नेटाने केले. आज जगातील अशा चुंबकांपैकी सुमारे नव्वद टक्के तिथे बनतात. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशा सात धातूंच्या आणि त्यांच्यापासून बनलेल्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. माल कोणाला हवा, कशासाठी हवा, लष्कराच्या कामाला वापरणार नाही ना, याचे दाखले, त्यावर शिक्के, मग पुन्हा तिकडची मंजुरी. कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्याला फाईल अडणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. पण आमच्या फाईलमुळे एखाद्याचे पेन्शन अडते. या फाईलने अख्खे कारखाने अडवले. पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै २०२५ मध्येच सांगून टाकले की, चुंबक न आल्यास ऑगस्टमध्ये चेतक या विजेच्या स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. काही शे रुपयांच्या चुंबकावाचून लाखाची गाडी खोळंबली!

आणि कच्चा माल आपल्याकडे नाही असेही नाही. केरळ, तामिळनाडू, आंध्र, ओरिसाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट आहे, त्यातून नीओडिमियम निघते. त्यासाठीची सरकारी कंपनी, इंडियन रेअर अर्थ्स, १९५० सालची आहे. म्हणजे पाऊणशे वर्षे उलटली! देशात चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली ती २६ नोव्हेंबर २०२५ रोजी. नेमका संविधान दिन, योगायोगच म्हणायचा. मंजुरी झाली म्हणजे कारखाना झाला असे नव्हे. ही खोट दोन-चार महिन्यांत भरून निघणार नाही, हे गाडीची आस लावून बसलेल्यांनी मनाशी धरावे.

इथे बाबासाहेबांची आठवण होते, आणि ती ओढूनताणून नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय देशाचे औद्योगिकीकरण नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबी हटणार नाही, ही भूमिका त्यांनी १९४३ मध्येच मांडली. त्याच वर्षी ते धनबादच्या कोळसा खाणीत मजूर कसे राबतात ते पाहायला गेले. वीज आणि ती निर्माण करणारा मजूर, दोघांचा विचार त्यांनी एकत्र केला. आजच्या बॅटरीबद्दल तसे कोण बोलतो? काही बॅटऱ्यांना कोबाल्ट लागते. जगातले सत्तर टक्क्यांहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतल्या कांगो देशातून येते आणि तिथे हाताने खणणाऱ्यांत लहान मुलेही सापडली आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते, तिला कोबाल्ट लागत नाही, एवढे समाधान. तरीही "कुठली बॅटरी आहे?" हे शोरूममध्ये विचारायला हरकत नाही.

आता घरच्या हिशेबाकडे वळू. भगिनींनी हा भाग जरूर वाचावा, कारण घराचा हिशेब त्याच ठेवतात.

गाडीचे कर्ज मंजूर होणे वेगळे आणि बँकेने पैसे विक्रेत्याला देणे वेगळे. पैसे सुटले की व्याज सुरू. दहा लाखांवर नऊ टक्क्यांनी महिन्याला साडेसात हजार रुपये व्याज होते. गाडी चार महिने उशिरा आली तर तीस हजार रुपये पाण्यात. म्हणून आपल्या नावावर प्रत्यक्ष गाडी लागून तिचा चासिस नंबर हातात आल्याशिवाय बँकेला पैसे सोडायला सांगू नये. "साहेब, फुल पेमेंट केले तर नंबर वर घेतो" असे कोणी म्हणाले, तर तसे लिहून मागावे. बहुतेक तिथेच विषय संपतो. पावतीवर प्रकार, रंग, अंदाजे तारीख आणि रद्द केल्यास किती पैसे परत, हे सर्व हवे. किंमतही आजची लागणार की गाडी मिळेल त्या दिवसाची, हे विचारलेच पाहिजे. टाटांची टियागो विजेवर निघाली तेव्हा ८ लाख ४९ हजार ही किंमत आधी पहिल्या दहा हजार ग्राहकांपुरती होती, मग ती वीस हजारांपर्यंत वाढवली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी एका दिवसात दहा हजार नोंदण्या झाल्या होत्या! अशा वेळी आपण कितव्या नंबरवर आहोत याला पैशाचे मोल असते.

मुहूर्ताचेही एक सांगून टाकतो. दसरा, दिवाळी, पाडव्याला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि रांग आणखी लांबते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, आपल्याला मुहूर्ताचे काय? पण आपल्यातलेही काही "१४ एप्रिललाच पाहिजे" म्हणून अडून बसतात आणि मार्चमध्ये आलेली गाडी नाकारतात. १४ एप्रिलला गाडी घेऊन चैत्यभूमीवर जावे असे वाटणे समजू शकते. पण तारखेच्या हट्टापायी नंबर सोडू नये.

ज्यांना गाडी पोटासाठी हवी, त्यांची गोष्ट निराळी. वस्तीतला तरुण टुरिस्ट परवान्यासाठी कर्ज काढतो, हातची नोकरी सोडतो आणि चार महिने घरी बसतो. हप्त्याची चिंता, वर भाड्याने चालवायला गाडी नाही. अशा तरुणांनी गाडी दारात येईपर्यंत हातचे काम सोडू नये, आणि लांबच्या रांगेतल्या गाडीपेक्षा तयार असलेली दुसरी घ्यावी, भले ती कमी देखणी असो. अमेरिकेच्या टेस्लासाठी २०१६ साली आपल्या देशातल्या काही हौशी धनिकांनी हजार-हजार डॉलर भरले होते. गाडी आलीच नाही, २०२५ मध्ये पैसे परत करण्यात आले. नऊ वर्षे थांबणे त्यांना परवडले.

उशीर झाला म्हणजे लगेच फसवणूक झाली असे नाही. पण लेखी दिलेली तारीख उलटली, पत्राला उत्तर नाही, पैसेही परत देत नाहीत, असे झाल्यास प्रथम १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तिथे दाद मागता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभे राहता येते. जाताना पावती, बँकेचा उतारा, शोरूमशी झालेला पत्रव्यवहार आणि मोबाईलवरचे निरोप छापून सोबत न्यावेत. तोंडी आश्वासनाची नक्कल कुठल्याच कचेरीत मिळत नाही.