स्वतःला दिलेला शब्द

मैत्रिणींनो, आपण बायका तशा शब्दाच्या पक्क्या. भिशीचा हप्ता चुकवत नाही, मुलांच्या शाळेतली पालकसभा चुकवत नाही. नणंदेकडचं डोहाळजेवण असो की शेजारच्या आजींना दवाखान्यात न्यायचं असो, एकदा ‘येते’ म्हटलं की जातोच. मोडतो तो एकच शब्द, स्वतःला दिलेला. ‘सोमवारपासून धावायला जाईन’, ‘या वर्षी शर्यतीत नाव घालीन’ हे शब्द आपण इतक्या गुपचूप मोडतो की घरातल्या कुणाला कळतही नाही. आणि कुणाला कळत नाही म्हणूनच ते इतक्या सहज मोडले जातात, असं माझं मत आहे.

विषय सुचायचं कारण म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतींचं वारं आता आपल्या गावांपर्यंत पोहोचलंय. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढणारी अर्धमॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. आता तालुक्याच्या गावातही पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यती होतात आणि त्यात चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या बायका पंजाबी ड्रेसवर बूट घालून उतरतात. बघून छाती भरून येते. पण नाव नोंदवणाऱ्या किती आणि शर्यतीच्या दिवशी तयारीनिशी उभ्या राहणाऱ्या किती, हे मोजलं की मन जरा खट्टू होतं.

बायकांना हे झेपत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. तो वाद कधीच संपलाय. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, तर ‘हे त्यांच्या शरीराला सोसणार नाही’ असं म्हणून ती शर्यत जी बंद केली ती थेट १९६० पर्यंत. १९६७ साली अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर धावत होती, तेव्हा आयोजकांपैकी एकाने भर रस्त्यात तिला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला. ती पळत राहिली आणि तिने शर्यत पूर्ण केली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली. आपल्याकडे पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळवलं. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी धावलेल्या बारामतीच्या लता करे तर आपल्याला चांगल्या ठाऊक आहेत. त्यांच्यावरचा सिनेमाही २०२० मध्ये येऊन गेला.

अशा गोष्टी ऐकल्या की डोळ्यांत पाणी येतं, आपणही काहीतरी करावंसं वाटतं. त्यालाच आपण प्रेरणा म्हणतो. पण खरं सांगायचं तर प्रेरणा फोडणीसारखी असते. चर्रर्र आवाज येतो, घरभर वास सुटतो, पण नुसत्या फोडणीने पोट भरत नाही. ब्रिटनमध्ये २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आठवड्यातून एकदा निदान वीस मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच विद्यार्थ्यांकडून अपेक्षित होतं. एका गटाला व्यायामाचे फायदे पटवून दिले. दुसऱ्या गटाला फायदे तर सांगितलेच, शिवाय ‘कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार’ हे कागदावर लिहायला लावलं. नुसते फायदे ऐकलेल्यांपैकी शंभरात पस्तीसच्या आसपास जणांनी व्यायाम केला. वेळ आणि जागा लिहून देणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी केला. म्हणजे ‘धावायला जायचंय’ यापेक्षा ‘मंगळवारी पावणेसहाला शाळेच्या मैदानावर जायचंय’ हे वाक्य कितीतरी जास्त कामाचं.

आमच्या गावात आम्ही पहाटेचा गट सुरू केला, तेव्हा पहिल्या आठवड्यात चौदा जणी होत्या. यात अंगणवाडी सेविका होत्या, शिक्षिका होत्या, पिठाची गिरणी चालवणारी एक होती, सून आणि सासू अशी एक जोडीही होती. महिनाभरात निम्म्या गळाल्या. लोक लगेच म्हणाले, ‘बायकांचा उत्साह हा असाच!’ मला ते पटेना. म्हणून एका दुपारी चहाला सगळ्यांना बोलावलं आणि न येण्याचं कारण प्रत्येकीने लिहून द्यायचं असं ठरवलं. आळस हे कारण एकीचंही नव्हतं. दोघींच्या भागात नळाला पाणी पहाटे साडेपाचलाच येतं. एकीच्या सासऱ्यांना सहाला औषध द्यावं लागतं. एकीच्या मुलाची बस पावणेसातची, त्याचा डबा कोण करणार? एकीच्या गल्लीतला दिवा दोन महिन्यांपासून बंद आणि कुत्री मागे लागतात. आणि एकीने लिहिलं होतं, ‘मी गेले नाही तरी कुणी विचारत नाही.’

हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. कारण बाकीच्या अडचणींवर उपाय होते, आणि ते निघालेही. पाणी भरायचं काम आठवड्यातले चार दिवस नवऱ्याने आणि थोरल्या मुलाने करायचं, असं दोन घरांत ठरलं. औषधाचा डबा सासूबाईंनी हातात घेतला. डब्याची कणीक आणि भाजी रात्रीच तयार होऊ लागली. दिव्यासाठी आम्ही नगरपालिकेत अर्ज दिला आणि दिवा लागेपर्यंत त्या बाईंना घ्यायला दोघी जणी दारापर्यंत जाऊ लागल्या. पण ‘कुणी विचारत नाही’ याला उपाय काय?

तो उपाय आपल्या बचत गटातच सापडला. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडायची योजना पाचशे गटांपासून सुरू केली, तेव्हा तारण नाही, जामीन नाही, अशा बायकांना कर्ज द्यायचं हे कितीतरी जणांना धाडस वाटलं होतं. पण गट टिकले, वाढले. का? ठरलेल्या तारखेला बैठक होते. हप्ता सगळ्यांसमोर वहीत लिहिला जातो. एखादी आली नाही तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्या दारात जाऊन विचारतं, ‘का गं, बरं नाही का?’ कर्जाची परतफेड कायद्याच्या धाकापेक्षा या प्रश्नामुळे जास्त होते. मग धावण्याचा हप्ता असाच का भरू नये?

आम्ही दोनशे पानी वही आणली. डावीकडे प्रत्येकीने आठवड्याच्या सुरुवातीला स्वतःच्या हाताने लिहायचं, कुठल्या तीन दिवशी किती धावणार. उजवीकडे शनिवारी लिहायचं, प्रत्यक्षात किती झालं. ‘पोटऱ्या भरून आल्या, निम्म्यातून परतले’ हेही लिहायचं. शिवाय दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. जोडीदारीण आली नाही तर फोन करायचा, दुसऱ्या दिवशीही आली नाही तर घरी जायचं. मोबाइलवरचा ग्रुप आहेच, पण तिथे अंगठा दाखवून सुटता येतं. दारात उभ्या असलेल्या मैत्रिणीला अंगठा दाखवता येत नाही!

वहीत काय लिहायचं यालाही शास्त्र आहे, बरं का. जिला सलग अर्धा तास सावकाश धावता येतं, तिला २१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनसाठी साधारण बारा ते सोळा आठवडे लागतात. जी आज फक्त चालतेय तिने आधी दोन-तीन महिने चालणं आणि धावणं आलटून पालटून करावं आणि पहिली शर्यत पाच किंवा दहा किलोमीटरचीच निवडावी. आठवड्याला तीन ते चार दिवस धावणं पुरे, त्यातला एक दिवस लांब पल्ल्याचा. धावताना मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करायचा. आठवड्याचं एकूण अंतर एकदम वाढवायचं नाही, दहाव्या हिश्श्याच्या आसपास वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी करायचं. विश्रांतीचा दिवससुद्धा वहीत लिहायचा, कारण अंग भरून येतं ते विश्रांतीतच. निघण्याआधी केळं किंवा शेंगदाणा-गुळाचा लहान लाडू खावा, लांब पल्ल्याच्या दिवशी मीठ-साखर घातलेलं लिंबाचं पाणी बरोबर ठेवावं. बूट मात्र मापाचे हवेत. धाकट्या दिराचे जुने बूट चालणार नाहीत.

आणखी एक गोष्ट सगळ्यांत आधी करायची, ती म्हणजे रक्ततपासणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दहातल्या पाच-सहा जणी. ‘मला दमच नाही, माझ्यात जिद्दच नाही’ असं जी म्हणते, तिच्यात जिद्द कमी नसते, हिमोग्लोबिन कमी असतं. ते १२ च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, औषध घ्या. पालेभाज्या, कडधान्यं, अहळीव खा, वर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावू नये.

आता एक सावधगिरीची सूचना. एकमेकींना जाब विचारायचा म्हणजे एकमेकींवर पाळत ठेवायची नाही. पाळत आपल्या वाट्याला जन्मापासून आलेलीच आहे. कुठे चाललीस, कधी येणार, कुणाबरोबर, हे घरीदारी विचारणारे पुष्कळ आहेत. गटातही तेच सुरू झालं तर बाई गटापासूनही पळेल. आमच्यातही दंडाचा मुद्दा निघाला होता, गैरहजेरीला दहा रुपये. चर्चा होऊन तो सोडून दिला. कारण दंड भरला की प्रश्न मिटतो, पण अडचण तशीच राहते. बचत गटात हप्ता चुकला तर आधी ‘का’ विचारतात ना, तसंच इथेही ‘का’ विचारायचं आणि त्या ‘का’चं काहीतरी करायचं. वजन किती उतरलं हा प्रश्न तर वहीतून हद्दपारच केला. गुडघा दुखत असताना शब्दाखातर धावणं ही निष्ठा नव्हे. त्या दिवशी थांबणं आणि ‘थांबले’ असं लिहिणं, हाही शब्द पाळणंच झालं.

आणि एखादा दिवस चुकलाच तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा २०१० साली छापून आलेला एक अभ्यास आहे. नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. महत्त्वाचं म्हणजे मध्ये एखादी संधी हुकली म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपलं मात्र उलटं असतं. गणपतीत चार दिवस खाडा झाला की ‘आता काय, मोडलंच’ म्हणून आपण वहीच मिटतो. उपवास मोडला की दिवसभर खायचं, तशातली गत. पाहुणे येणार, सण येणार, पाळी येणार, मुलांच्या परीक्षा येणार. हे सारं गृहीत धरूनच वेळापत्रक करावं आणि चुकलेल्या दिवसाची भरपाई न करता पुढच्या ठरलेल्या दिवशी हजर व्हावं.

घरच्या मंडळींनाही दोन शब्द सांगायचेत. घरची बाई शर्यतीच्या तयारीला लागली की ‘या वयात कशाला?’ हा प्रश्न विचारू नका. ‘उद्या किती किलोमीटर आहे?’ असं विचारा. ज्या घरात हा दुसरा प्रश्न विचारला जातो त्या घरची बाई टिकते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिचा पहाटेचा तास हा घराने तिच्यावर केलेला उपकार नाही. तो तिचाच आहे. दिवसाचे बाकीचे तास ती घरालाच देते. आणि नगरपालिकेच्या कारभाऱ्यांनी शर्यतीच्या दिवशी झेंडा दाखवायला यावं, जरूर यावं, पण त्याआधी मैदानाचं फाटक पहाटे पाचला उघडेल, रस्त्यावरचे दिवे लागतील आणि मैदानाजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह असेल एवढं बघावं.

चौदा जणींतल्या अकरा आता नियमित येतात. सगळ्या २१ किलोमीटर धावतील असं नाही. काहींनी दहा ठरवलंय, सासू-सुनेच्या जोडीतल्या सासूबाईंनी पाच. अंतर कितीही असो, प्रत्येकीच्या नावापुढे तिच्याच अक्षरात लिहिलेला आकडा आहे आणि तो वाचणारी कुणीतरी आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, शर्यतीचा अर्ज भरण्याआधी दोन कामं करा. मुलांची एखादी अर्धी कोरी वही शोधा आणि ‘का गं, आली नाहीस?’ असं हक्काने विचारणारी एक मैत्रीण शोधा. बूट त्यानंतर घ्या.