प्रयोगाचे बिल पालकांच्या माथी

स्वमग्न मुलांवर मूलपेशींचा ‘उपचार’ विकता येणार नाही, हे सांगायला अखेर सर्वोच्च न्यायालय लागले. 30 जानेवारी 2026 च्या निकालाचे स्वागत आहेच. पण संताप आवरत नाही. यात नवे काय आहे? मान्यताप्राप्त चाचणीबाहेर असा वापर गैर, हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहून ठेवले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने 2022 मध्ये स्वमग्नतेबाबत हेच बजावले. तरीही दुकाने राजरोस चालू राहिली. मुलाच्या कंबरेच्या हाडातून मज्जा काढायची, त्यातल्या पेशी मणक्यातल्या द्रवात टोचायच्या आणि लाखोंचे बिल बापाच्या हातात ठेवायचे. प्रयोग डॉक्टरांचा, पैसे रुग्णाचे!

पालकांची संमती होती, हा बचाव तर ऐकवतच नाही. जिथे गुण येतो याचा पुरावाच नाही, तिथे पालकांना सांगणार काय आणि ते संमती देणार कशाला? न्यायालयानेही हेच विचारले. याउलट, कर्करोगावरची कार-टी ही पेशींचीच उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाने आधी चाचण्यांतून नेली. 2023 मध्ये मान्यता मिळाली, मगच ती बाजारात आली. म्हणजे सरळ रस्ता याच मुंबईत आहे. तो लांबचा आहे, एवढेच.

पण लोक या दुकानांकडे का वळतात? मूल बोलत नाही म्हणून धरमतर खाडीकाठच्या आईबापाने डोलवीतल्या किंवा धाटावच्या कारखान्यातली पाळी बुडवून स्पीच थेरपीसाठी आठवड्याला किती वेळा पनवेलची गाडी धरायची? पेण आणि रोह्याच्या सरकारी रुग्णालयांत हे उपचार नियमित मिळाले असते, तर ‘चार इंजेक्शनांत फरक’ म्हणणाऱ्याचे फावले नसते. शासन जिथे फिरकत नाही, तिथे भामटा आधी पोचतो.

आता महाराष्ट्र वैद्यक परिषदेने आणि अन्न व औषध प्रशासनाने तक्रारीची वाट पाहू नये. जाहिराती उघड्यावर आहेत, त्यावर पत्तेही आहेत. आणि पालकांनो, चाचणीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर ती चाचणी नव्हे. पावती जपून ठेवा आणि तक्रार करा.