आधी अस्तर

पैठणीबरोबर आलेला ब्लाउजपीस घरी शिवायला घ्यायचा नसतो, यावर आपल्याकडे जवळपास एकमत आहे. कापड असतं ऐंशी सेंटिमीटर ते फार तर मीटरभर. काठ त्याच साडीचे, रंग त्याच विणीचा. बिघडला तर सगळा बाजार पालथा घातला तरी जोड मिळायची नाही. त्यामुळे घरात मशीन असलेल्या, पडदे-अभ्रे-पंजाबी ड्रेस सहज शिवणाऱ्या बायकाही हा एवढा तुकडा पिशवीत घालून शिंप्याकडे जातात आणि ऐन लग्नसराईत त्याच्या तारखांसाठी मिनतवाऱ्या करतात. या भीतीत तथ्य आहे, पण ती चुकीच्या जागी बसली आहे असं माझं म्हणणं आहे. अस्तर लावलेला कटोरी ब्लाउज शिवणं अवघड आहे हे खरंच. मात्र अवघड काम आणि केल्यावर मागे न घेता येणारं काम यांची आपण गल्लत करतो. अवघड काम सावकाश करता येतं. जपायचं असतं ते मागे न घेता येणाऱ्या कामाला, आणि शिवणात तशा जागा मोजक्याच आहेत.

त्या जागा कोणत्या ते पाहू. शिवण चुकली तर उसवता येते. टक्स वर गेला तर खाली घेता येतो, बाही फिरली तर काढून पुन्हा जोडता येते. परत येत नाही ते कात्री लागलेलं कापड. दुसरी जागा इस्त्रीची: रेशमावर तापलेली इस्त्री थेट टेकली की पडलेला डाग जात नाही, म्हणून मध्ये सुती फडकं हवं. तिसरी जागा सुईची. सुती कापडाची शिवण उसवली तर धुण्यात भोकं बुजतात. रेशमात ती बहुधा राहतात आणि उजेडात ओळीनं दिसतात. म्हणून रेशमाला नऊ किंवा अकरा नंबरची नवी सुई लागते आणि टाचण्या टोचायच्या त्या मायेतच, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात. कात्री, इस्त्री आणि सुई या तीन ठिकाणी चुकायचं नाही एवढं ठरवलं, तर बाकी सगळीकडे चुकायची मोकळीक आहे. उरतो प्रश्न एवढाच, की या तीन जागांशी पोचण्याआधी आपल्या चुका करून कुठे संपवायच्या?

इथे अस्तर उपयोगी पडतं. नव्या मापाचा कपडा बेतताना आधी मांजरपाटावर किंवा जुन्या चादरीवर तो शिवून पाहावा, हा सल्ला जुनाच आहे आणि फारसं कोणी तो पाळत नाही; फेकून द्यायच्या कपड्यासाठी दोन दुपारी कोण घालवणार? अस्तराच्या ब्लाउजमध्ये मात्र ही चाचणी वाया जात नाही. सुती अस्तर पाण्यातून काढून वाळवायचं, कारण ते आटतं. आधी आटवलं नाही तर पहिल्या धुण्यानंतर आतून ओढ बसून रेशमाला सुरकुत्या पडतात. मग पाठ, कटोरी, बाजूचा भाग आणि खालची पट्टी हे सगळं आधी फक्त अस्तराचं बेतायचं आणि मशीनचा टाका सर्वांत लांब ठेवून जोडायचं. घालून पाहायचं. कटोरीचं टोक छातीच्या वर आलंय की खाली, मुंढा काखेत काचतोय का, गळा वाकल्यावर सुटतो का, हे सगळं त्या पांढऱ्या कापडावर कळतं. तिथेच खडूनं खुणा करायच्या, उसवायचं, दुरुस्त करायचं, गरज पडली तर एखादा भाग नव्यानं कापायचा. अस्तराचं कापड गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतं. मनासारखं बसल्यावर सगळे टाके काढून, तुकडे इस्त्री करून रेशमावर ठेवायचे आणि चहूबाजूंनी थोडं जास्त ठेवून मगच कात्री चालवायची. बेतही तोच आणि अस्तरही तेच. एक पथ्य मात्र आहे: अस्तर अंगाला अगदी चापून बसवू नये, कारण वर रेशीम आलं की जाडी वाढते आणि ब्लाउज आवळतो.

एवढं करूनही एक चूक उरते आणि ती चांगल्या चांगल्यांची होते. काठ बाहीच्या घेरावर यायला हवा, आणि कापड अपुरं असल्यामुळे ते दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापता येत नाहीत. एक या काठावर, दुसरी त्या काठावर अशा सुट्या कापाव्या लागतात. बाहीचा पुढचा बाक मागच्यापेक्षा खोल असतो. दुसरी बाही बेतताना तुकडा उलटा ठेवायला विसरलं की दोन्ही बाह्या उजव्याच होतात, मग नशिबाला दोष देत बसायचं. यावर उपाय कागदाचा. दोन्ही बाह्या कागदाच्या कापायच्या, त्यांवर ‘डावी’ आणि ‘उजवी’ लिहायचं, सगळे भाग रेशमावर एकदम मांडायचे आणि मांडणी पुरते हे दिसल्याखेरीज कात्री हातात घ्यायची नाही. बाजूच्या शिवणीला इंच-दीड इंच माया सोडायची. पुढे अंग भरलं तर ती कामाला येते, आणि पहिल्याच दिवशी घट्ट झाला तरी तीच वाचवते.

यावर शिवणक्लास चालवणाऱ्या बाई म्हणतील की सोप्याकडून अवघडाकडे जावं. झबलं, टोपडं, फ्रॉक, पेटीकोट आणि मग ब्लाउज, हा क्रम उगीच पडलेला नाही. मान्य. पण हा क्रम कशासाठी होता तेही पाहावं. पुण्यात 1909 साली सेवासदन सुरू झालं, रमाबाई रानडे त्याच्या आधारस्तंभ होत्या. अशा संस्थांमधून शिवण शिकवलं गेलं ते बाईला चार पैसे मिळवता यावेत म्हणून. तिथे कापड गिऱ्हाइकाचं असतं, चुकण्याचा हक्कच नसतो. घरी कापड आपलं, अंगही आपलंच. शिवाय झबलं ढगळच असतं, दोन महिन्यांत बाळाला पुरेनासं होतं. ते शिवून मशीनवर हात बसतो, अंगावर कपडा बसवणं कळत नाही. अभ्रे शंभर शिवले तरी सगळ्या शिवणी सरळच. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा जरा लांब असतो आणि ती जास्तीची लांबी चुणी दिसू न देता जिरवावी लागते, हे बाही जोडल्याशिवाय समजायचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. मशीनवर सरळ शिवण येते आणि बॉबिन भरता येते, एवढी तयारी या कामाला पुरे.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा, आणि तो खोडून काढण्यात अर्थ नाही. शिंप्याचे काही तासांचे काम घरी आठवडाभर चालेल. त्या वेळाची किंमत धरली तर घरचा ब्लाउज महागच पडतो. स्वस्त पडतं म्हणून शिवा, असं सांगणारे लोक हिशेब अर्धाच मांडतात. मिळतं ते वेगळं आहे. डेव्हिड पाय हे इंग्लंडमधले लाकूडकाम करणारे कारागीर आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधले प्राध्यापक. 1968 च्या एका पुस्तकात त्यांनी जोखमीची कारागिरी आणि हमीची कारागिरी असा भेद केला: पहिलीत काम पुरं होईपर्यंत निकाल हातावर आणि नजरेवर अवलंबून असतो, दुसरीत तो आधीच ठरलेला असतो. त्याच विवेचनात ते हेही दाखवतात की जोखमीचं काम करणारा कारागीर साचे, खुणा, टेकू यांच्या आधारानं धोका सतत कमी करत असतो. आपला शिंपीही खडू, फर्मा आणि कच्चा टाका घेऊनच बसतो. बेधडक कात्री चालवणारा शिंपी आपल्याला दिसतो, पण त्याच्या हाताखालून गेलेले शेकडो बेत आपल्याला दिसत नाहीत. नवख्याकडे ते बेत नसतात, म्हणून त्यानं अस्तर आणि कागद यांवर दुप्पट वेळ घालवायचा.

या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. आईची किंवा आजीची जुनी पैठणी फाडून तिचा अनारकली शिवायची हल्ली फॅशन आहे, आणि तिथे मी शिंप्याच्याही बाजूनं नाही, घरच्या मशीनच्याही नाही. ब्लाउजपीस शिवण्यासाठीच विणलेला असतो. अख्खी साडी तशी नसते, आणि तिच्या बाबतीत पहिला कापच मागे घेता येत नाही. तरीही कापायचीच असेल, तर आधी ती उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा पाहाव्यात. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम आणि जर तिथेच विरतात. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरून हलकेच ताण द्यावा. धागे सरकले तर त्या कापडाला मशीनचा टाका सोसणार नाही. फार तर मागून मऊ सुती कापड लावून हातशिलाईनं ते टिकवावं आणि साडी साडीच ठेवावी. नाही सरकले, तरी पदर वगळूनच बेत मांडावा.